कुवलया पेढीचे नाव

एका राज्यात एक पेढी होती. तिला दार नव्हते, भिंत नव्हती, पाटी नव्हती. घरोघरी पाण्याने भरलेले एक काशाचे घंगाळ असे. त्यात वाकून म्हणायचे, 'कुवलया, दोन शेर गूळ.' अंगणातली सावली हातभर सरकायच्या आत धनेश पक्षी चोचीत गूळ घेऊन उतरे.

पेढी पैसे घेत नसे. वस्तू पोचली की घंगाळातले पाणी एक प्रश्न विचारी आणि त्याचे खरे उत्तर द्यावे लागे. काल काय जेवलात? जावेशी का बोलत नाही? लोकांना वाटे, सगळे फुकटच मिळते. धन्य ते लोक!

पेढीला हे नाव का, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हते. एक पंडित म्हणे, कुवलय म्हणजे निळे कमळ. मालकाच्या गावी कमळांचे तळे असणार. दुसरा म्हणे, माल कमळासारखा ताजा असतो म्हणून. राजा वीरबाहूने दोघांनाही शालजोडी दिली आणि विषय मिटला.

पण राजाच्या घरात एक दुःख होते. त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीला नावच नव्हते. बारशाच्या दिवशी तिची आत्या रत्नप्रभा रीतीप्रमाणे बाळाच्या कानाशी वाकली. बाळाचे नाव आत्याने मनात ठेवायचे आणि सर्वांआधी बाळालाच सांगायचे, अशी त्या राज्याची रीत. आत्याने तोंड उघडले, पण शब्द फुटेना. मनातले नाव पुसून गेले होते. मग राजाने नावे ठेवली, राणीने ठेवली, एकही टिकले नाही. अळवाच्या पानावरून पाणी ओघळावे तशी सगळी ओघळून गेली.

ज्याला नाव नाही, त्याच्यावर नजर ठरत नाही. दासी राजकन्येच्या तोंडावर दार लावून घेत. राणी तिच्याच दालनात उभी राहून विचारी, 'इथे कुणी आहे का?' आता तर ती आरशातही अंधूक दिसू लागली होती. राजवैद्य म्हणाले, 'येत्या पौर्णिमेनंतर ती कुणालाच दिसणार नाही.' राजाने शपथ घेतली, 'माझ्या लेकीवर हे ज्याने आणले, त्याला मी देशोधडीला लावीन. मग तो कुणीही असो.'

एका सकाळी रत्नप्रभेच्या अंगणात एक म्हातारा धनेश पडला. त्याचे पंख झिजले होते. आत्याने त्याला पाणी पाजले. धनेश बोलला, 'राजकन्या हवी असेल, तर पेढीला नाव कुठून मिळाले ते शोध. तिचा मालक, मायावी कृष्णांजन, उत्तरेच्या डोंगरात बसतो. जो त्याची तीन कामे करील, त्याला उत्तर देणे त्याला भाग आहे.'

आत्या निघाली. कृष्णांजन विहिरीएवढ्या घंगाळाशी बसला होता. तो म्हणाला, 'पहिले काम. माझ्या पेढीला न सांगता मूठभर मीठ आण.'

आत्याला हसू आले. पण ती बाजारात गेली आणि हबकलीच. दुकानांच्या फळ्यांना वाळवी लागली होती. तराजूत चिमण्यांनी घरटी केली होती. साऱ्या राज्यात मीठ विकणारा एक माणूस उरला नव्हता, आणि हे कुणाच्या ध्यानातही आले नव्हते! ती पायी समुद्रापर्यंत गेली, मिठागरातून मूठभर मीठ घेऊन आली.

'दुसरे काम. स्वतःच्या हाताने एक झबले शिव.'

सुई कशी धरतात हेही ती विसरली होती. बोटे रक्ताळली, पण झबले झाले. वेडेवाकडे का होईना, झाले.

'तिसरे काम सोपे आहे,' कृष्णांजन म्हणाला. 'पाणी काय बोलते ते ऐक. कान झाकायचे नाहीत.'

पाणी हलले आणि त्यातून रत्नप्रभेचाच आवाज आला, सोळा वर्षांपूर्वीचा, तरुण. 'अगे पेढी, उद्या भाचीचे बारसे. चंदनाचा पाळणा पाठव.' पाण्याने विचारले, 'तिच्या कानात कोणते नाव सांगणार?' आणि तो आवाज हसत हसत म्हणाला, 'कुवलया.'

आत्या घंगाळावर वाकली. 'मी?' ती किंचाळली. 'मीच सांगितले?'

'तोवर माझ्या पेढीला नाव नव्हते,' मायावी म्हणाला. 'बाळाने ऐकण्याआधी मी ऐकले, ते माझे झाले. परत हवे असेल, तर भर सभेत हे कबूल कर आणि मग तिच्या कानात सांग. भावाची शपथ आठवते ना?' तो हसला. ती कबूल करणार नाही, याची त्याला खात्री होती.

पौर्णिमेच्या सकाळी सभा भरली. आत्या सिंहासनासमोर उभी राहिली. 'महाराज, गुन्हेगार मी आहे,' ती म्हणाली, आणि एका पाळण्यासाठी नाव कसे दिले ते तिने सगळे सांगितले. राजाच्या हातातून राजदंड गळून पडला.

'ती कुठे आहे?' आत्याने विचारले. कुणालाच सांगता येईना. तेवढ्यात एक थंडगार हात तिच्या हातात आला. ती वाकली, चाचपडत कान शोधला आणि म्हणाली, 'कुवलया.'

त्या क्षणी राज्यातली सगळी घंगाळे तडकली. धनेश रानात उडून गेले. लोक तोंड उघडून उभे राहिले, पण हाक मारायला पेढीचे नावच कुणाला आठवेना. कृष्णांजन डोंगरात पाणी पाणी करत राहिला आणि त्याला कुणी विचारले नाही. दुसऱ्याच दिवशी बाजाराच्या फळ्या उघडू लागल्या.

सभेत राजकन्या उभी होती. सावळी, उंच, थेट आत्याच्या नाकाची.

राजा रडत रडत म्हणाला, 'शपथ मोडता येत नाही, रत्ने. तुला जावे लागेल.'

'जाते, दादा,' आत्या म्हणाली.

'थांब, आत्या,' राजकन्या म्हणाली. 'लहानपणापासून मी रोज तुझ्या शेजारी जेवायला बसत होते. कितीदा तुझ्याच पानातले खाल्ले. पान रिकामे पाहून तू म्हणायचीस, आज मला भूक फार लागली.'

मग ती राजाकडे वळली.

'बाबा, शपथ माझ्यासाठी होती, ती मी सोडवते. गुन्हा माझ्याविरुद्ध झाला, शिक्षाही मीच देईन. हिला कुठे पाठवू नका. हिने रोज माझ्यासमोर बसून जेवावे.'

दुपारी पाने मांडली. आत्या समोर बसली. कुवलया पोटभर जेवली, दोनदा भात मागून घेतला. राज्यात सगळे जिथल्या तिथे येऊ लागले होते; आत्याचा पहिला घास मात्र काही केल्या घशाखाली उतरेना.