अक्षतांचं वय

पंचायत समितीचे सभापती आबासाहेब ढमढेरे आल्याशिवाय तालुक्यात लग्न लागत नसे. एकदा भर सभेत त्यांनी ठराव मांडला, "अठराच्या आतल्या पोरींना आरोग्य केंद्रातून संततिनियमनाच्या गोळ्या मिळता कामा नयेत. कोवळी लेकरं ती, बिघडतील!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टर सुलभा खरमाट्यांची मान मात्र हलली नाही. सोळा वर्षांची सुनंदा आदल्याच दिवशी बाळंतपणात त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती.

त्या उठून म्हणाल्या, "वयाची अट मला मान्य आहे, आबासाहेब. फक्त ती तुम्हीच घाला. ज्या वयाच्या नवरीवर तुम्ही अक्षता टाकता, त्या वयापासून आम्ही गोळ्या देऊ."

"मग अठराच लिहा!" आबासाहेब गरजले.

"लिहिते. पण काल गेलेली सुनंदा सोळाची होती. तिच्या मांडवात पहिल्या अक्षता तुमच्याच पडल्या. तेव्हा ती कोवळी नव्हती?"

ठराव तिथंच बारगळला.

पुढच्या लग्नसराईत एक बाप पत्रिका घेऊन आला. आबासाहेबांनी विचारलं, "पोरीचं वय काय?"

बाप चाचरला. आबासाहेबांनी पुढे केलेला हात मागे घेतला.