राणीच्या उरातली वस्ती

एका राज्यात वसुप्रभा नावाची राणी होती. नेमधर्माची, उपासतापासाची. एकही व्रत तिने कधी मोडलं नाही. एके सकाळी न्हाताना तिच्या हाताला छातीत सुपारीएवढी गाठ लागली, आणि राणी लाजेने अर्धी झाली. अशा जागचं दुखणं सांगावं कुणाला?

त्या राज्याची रीत अशी, की वैद्याने राणीला पाहायचं नाही. पडद्याआड तिच्या मनगटाला रेशमी दोरा बांधायचा, दुसरं टोक हाती धरून वैद्याने नाडी वाचायची. राणीने तो दोरा बांधला दासी रेवूच्या, माळ्याच्या बायकोच्या मनगटाला.

पहिल्या महिन्यात वैद्य म्हणाले, "प्रकृती उत्तम."

दुसऱ्या महिन्यात म्हणाले, "उत्तमच. राणीसाहेबांनी ठेचा तेवढा बेताने खावा." रेवूने तोंडात पदर कोंबला.

तिसऱ्या महिन्यात ते राजाला म्हणाले, "महाराज, पेढे वाटा. राणीसाहेबांना दिवस गेलेत."

राजाने हत्तीवरून साखर वाटली. देवापुढे बसून तो लहान मुलासारखा रडला. ते पाहून राणीला आपल्याच अंगाची किळस आली.

रेवू म्हणाली, "बाईसाहेब, नाडी दिली. पोट कसं देऊ? आता बोला."

राणीने पडदा सारला. मान वर झाली नाही. "महाराज, बाळ रेवूचं आहे. माझ्यापाशी ही गाठ आहे. मी तुम्हाला फसवलं."

राजाचा चेहरा उतरला. तो उठून वैद्यांकडे वळला. मग वैद्यांना म्हणाला, "आधी हिला वाचवा. साखरेचं काय सांगायचं, ते मी बघतो."

वैद्यांनी भारद्वाज पक्ष्याला बोलावलं. तो राईएवढा झाला, गाठीत शिरला, बाहेर येऊन बोलू लागला.

"आत वस्ती आहे. देहात ज्याची वेळ भरली त्याने दिवा मालवून निघायचं, असा नेम. कुण्या मांत्रिकाच्या शापाने हे लोक निघायचं विसरलेत. त्यांच्या दारांना कुलपं आहेत. राणीसाहेबांच्याच अंगातला जासूद, निरोप पोचवणारा, रस घेऊन येतो. त्याच्या किल्लीने दार उघडतं, घर पोसतं, शेजारी नवं घर उठतं."

"उपाय?" वैद्यांनी विचारलं.

"तशीच खोटी किल्ली घडवा. कुलपात बसेल, फिरणार नाही."

राणी हळूच म्हणाली, "खोटं आजवर लपवायलाच वापरलं मी."

वैद्यांनी खसखशीएवढ्या किल्ल्या घडवल्या. पक्षी तीनदा आत गेला. पहिल्या खेपेला दारोदार किल्ल्या बसल्या, जासूद माघारी फिरला. दुसऱ्या खेपेला चुली थंडावल्या, लोकांना आपापली वेळ आठवली. तिसऱ्या खेपेला एकेक जण दिवा मालवू लागला.

शेवटच्या दारातली म्हातारी पक्ष्याला म्हणाली, "राणीला सांग, आम्ही परके नव्हतो, तिच्याच अंगचे. ती पहिल्या दिवशी बोलली असती, तर तेव्हा आमची तीनच घरं होती." आणि तिने फुंकर घातली.

शाप सुटला. गाठ विरली. राणीने निरोप ऐकला, छातीवर हात ठेवला, आणि गेलेल्यांसाठी अकरा दिवस सुतक पाळलं.

देवा, वसुप्रभेला उशिरा धीर दिलास. ज्या बाईचा हात आज न्हाताना थबकला असेल, तिला आजच दे.