शिदूचे कान आणि गुंडामामाच्या गळ्यातला हार

एका गावात एक भोळा शिदू होता. भोळे त्या गावात आणखीही होते, पण ते अधूनमधून. शिदू बारमाही होता. सांगितलं तेवढं करायचं आणि सांगितलं तसंच करायचं, हा त्याचा नेम. एकदा सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. सगळी अडचण तिथंच होती.

दुसरी अडचण त्याच्या कानांची. दोन्ही कान असे बाहेर आलेले, की कपाटाची दारं कुणी लावायची विसरलं असावं. टोपी घातली तर ती डोक्यावर न बसता कानांवर बसायची. या कानांपायी दोन सोयरिकी मोडल्या. तिसरी जमली ती हौसाशी. हौसानं शिदूला पाहिलं, खुदकन हसली आणि चालेल म्हणाली. आता हीसुद्धा मोडली तर पोरगा बिनलग्नाचा राहणार, म्हणून त्याच्या आईच्या, तानूबाईच्या, जिवाला घोर लागला. त्यात फेटेवाल्यानं फेटा बांधून बघितला आणि हात टेकले.

"मावशी, ह्या कानांवर फेटा ऱ्हायचा न्हाई. मांडवात पडला तर मला बोल लावू नका."

शहरात एक डॉक्टर कान मागं बसवून देत असत. तानूबाईनं शिदूला तिकडं धाडलं. जाताना बजावलं, "तिथं येड्यावानी बडबडू नगंस. तोंड उघडायचं न्हाई. निस्तं कान दावायचं."

शिदू दवाखान्यात पोचला.

"नाव काय?" डॉक्टरांनी विचारलं.

शिदूनं उजवा कान दाखवला.

"काय होतंय?"

शिदूनं डावा कान दाखवला.

"ऐकू येतं का?"

शिदूनं दोन्ही दाखवले. डॉक्टर उठले, त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं ओरडले. शिदू दचकला, पण बोलला नाही. डॉक्टरांना त्याची फार दया आली. त्यांनी पिचकारी मारून दोन्ही कानांतला मळ काढला आणि त्याला घरी लावून दिलं.

तानूबाईनं कपाळाला हात लावला. "आरं, कुणी इचारलं तर बोलावं माणसानं! पयल्यापासनं समदं सांगावं!"

"बरं," शिदू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा एसटीत बसला. कंडक्टर आला आणि म्हणाला, "कुठं?"

शिदूनं पहिल्यापासून सांगितलं. "आमुशाला जन्मलो. बाळंतपण रखमाआत्यानं केलं. आत्या म्हणाली, पोरापरीस कानच मोठं हायती..." मग बारसं झालं, गोवर झाला, शाळा सुटली, दोन सोयरिकी मोडल्या. गोष्ट हौसापर्यंत आली तेव्हा एसटी शहर ओलांडून पुढच्या तालुक्यात गेली होती, आणि कंडक्टर शेजारी बसून विचारत होता, "मग? हौसा काय म्हणाली?"

संध्याकाळी शिदू तसाच परत आला. आता गुंडामामानं सूत्रं हातात घेतली. हा तानूबाईचा थोरला भाऊ. शिदूचे कान त्याच्यावरच गेले होते, म्हणून त्याला जरा जास्तच वाईट वाटायचं.

"शिदबा, समोरचा कामात आसला तर बोलत बसू नगं. बोट दावायचं आन् मोकळं व्हायचं."

"बरं, मामा."

या वेळी मामा सोबत गेला. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी घाईघाईनं एक वही शिदूपुढं धरली. तिच्यात नाना माणसांच्या कानांचे फोटो होते. "यातले कुठले आवडतात तुम्हाला?"

डॉक्टर कामात आहेत हे शिदूनं ओळखलं. त्यानं बोट दाखवलं. वहीकडं नव्हे, भिंतीकडं. भिंतीवर कॅलेंडर होतं आणि कॅलेंडरवर गणपती होता.

डॉक्टरांनी कॅलेंडरकडं पाहून हात जोडले. "तेवढं मोठं काम आमच्याच्यानं व्हायचं नाही."

मग मामानंच काय ते समजावून सांगितलं. डॉक्टरांनी कान बधिर केले, मागच्या बाजूनं थोडी कातडी काढली, टाके घातले आणि डोक्याला पट्टी बांधली. आठ-दहा दिवसांनी पट्टी सुटली, तर कान डोक्याला कसे चापून बसलेले! मामानं हळूच स्वतःचे कान चाचपले आणि उसासा टाकला.

डॉक्टर म्हणाले, "आतले टाके अजून कच्चे आहेत. महिनाभर कानाला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. हात जवळ आला, की सरळ बाजूला व्हायचं."

"बरं," शिदू म्हणाला. त्या "बरं"ची मामाला भीती वाटायला हवी होती. पण लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं आणि मामाच्या डोक्यात जिलेबीचं गणित चाललं होतं.

हळदीचा दिवस आला. रखमाआत्या दोन्ही हातांत हळद घेऊन भाच्याकडं आली. हात कानाजवळ आले. शिदू सरळ बाजूला झाला. मागं मांडवाचा खांब होता. आत्या हळदीसकट खांबावर गेली, खांब कलंडला आणि मांडवाचा तो कोपरा बायकांच्या डोक्यावर उतरला.

तानूबाई ओरडली, "आरं, बाजूला व्हायचं तर व्हय, पर मागं काय हाय ते बघून व्हय की!"

"बरं, आई."

लग्नाचा दिवस उजाडला. फेटा काय बसला होता! तानूबाई चार-चारदा बघत होती आणि डोळे पुसत होती. शिदू पाटावर उभा राहिला. रीतीप्रमाणं त्याच्या पाठीशी गुंडामामा उभा राहिला. समोर अंतरपाट, पलीकडं हौसा. तिच्या शेजारी तिचा भाऊ बाळकू. लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. बाळकू सकाळपासून बोटं मोडत तयार होता.

मंगलाष्टकं संपली. अक्षता पडल्या. अंतरपाट दूर झाला. हौसानं दोन्ही हातांनी हार उचलला.

हात कानाजवळ आले.

शिदूला डॉक्टरांचं आठवलं. आईचंही आठवलं. त्यानं मागं वळून बघितलं. मागं खांब नव्हता, मामा होता. चांगला भक्कम होता. शिदू निर्धास्तपणे बाजूला झाला.

हार मामाच्या गळ्यात पडला.

वाजंत्री वाजायला लागली. बाळकूनं मागचापुढचा विचार केला नाही. ज्याच्या गळ्यात बहिणीचा हार, तो नवरदेव. त्यानं मामाचा कान धरला आणि मन लावून पिळला. मामाची किंकाळी सनईच्या वर गेली.

"आई!" शिदू आनंदानं ओरडला. "मागं बघूनच बाजूला झालो!"

वाजंत्री थांबली. हौसाचे वडील लाल झाले. "चेष्टा लावलीया व्हय? हे लगीन होनार न्हाई! उठा समदी!"

तिसरीही मोडली, एवढंच तानूबाईला कळलं.

तेवढ्यात कुणीतरी हसलं. हौसा हसत होती. पोट धरून, शालू सावरत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. "बाबा, बसा तुमी. मानूस माझं हाय, माझं मी बघते." तिनं मामाच्या गळ्यातला हार काढला, शिदूसमोर उभी राहिली आणि दटावून म्हणाली, "आता हलायचं न्हाई. कुनी हात लावू दे, न्हाईतर मांडव पडू दे. हलायचं न्हाई."

"बरं," शिदू म्हणाला.

हौसानं हार घातला. शिदू हलला नाही. लग्न लागलं! वाजंत्री पुन्हा वाजली, तानूबाईच्या जिवात जीव आला.

आता बाळकूला आपली चूक उमगली. मामाचा कान फुकट गेला होता, मान अजून बाकी होता. तो पुढं आला आणि त्यानं शिदूचा कान धरला.

"शिदबा, बाजूला हो!" मामा ओरडला.

शिदू हलला नाही. बाळकूनं कान पिळला. आतला टाका सुटला आणि कान टुणकन पूर्वीच्या जागी येऊन उभा राहिला. फेटा त्या अंगाला वर उचलला गेला. शिदूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण तो हलला नाही. रीत दोन्ही कानांची होती. बाळकूनं दुसराही पिळला.

थोड्या वेळानं पंगत बसली. मांडव रिकामा झाला. तानूबाई पोराला शोधत आली, तर तो पाटावर तसाच उभा. गळ्यात हार, दोन्ही कान बाहेर, आणि फेटा कानांवर.

"आरं, चल की जेवायला!"

"हलू नगं म्हनलीया ती," शिदू म्हणाला. "हल म्हनली न्हाई अजून."

तिकडं पंगतीत दुसरी जिलेबी उचलताना हौसाला शेजारचं रिकामं ताट दिसलं, आणि मग तिला आठवण झाली.