मुजरा न करणारी रोपं

करंजगडच्या दरबार महालात वाढवलेल्या टोमॅटोच्या रोपांनी पुन्हा एकदा माना टाकल्या, आणि कोंडिबा माळ्याची पाचावर धारण बसली. त्याच्या आधीच्या माळ्याची रोपं अशीच मेली, तेव्हा सर्जेराव महाराजांनी त्याला हत्तीखान्यात शेण काढायला धाडलं होतं. हत्ती म्हातारा होता, आणि पाठीमागून आलेला माणूस त्याला मुळीच खपत नसे.

सगळा उपद्व्याप सुरू झाला तो एका पदकापायी. शेजारच्या संस्थानिकाने प्रदर्शनात टोमॅटोचं पदक पटकावलं होतं. डोंगरावरच्या थंडीत कोवळं रोप बाहेर टिकत नाही, म्हणून त्याने रोपं घरात वाढवली आणि थंडी सरल्यावर शेतात लावली, एवढीच त्याची करामत. पण महाराजांना जे करायचं ते थाटात. त्यांनी हुकूम सोडला, “आमची रोपं महालातच वाढतील. लावणीच्या दिवसापर्यंत उंबरा ओलांडणार नाहीत.” आणि सोडलेला हुकूम मागे घेणं म्हणजे महाराजांना भर चौकात पगडी उतरवण्यासारखं वाटे.

झालं. रोपांना दृष्ट लागू नये म्हणून दरबार महालाचे जाड पडदे ओढले गेले. कुंड्यांना काजळाची तीट लावली. प्रत्येक दरबारी आपली निष्ठा दाखवायला येता-जाता तांब्याभर पाणी ओतू लागला. दिवाणजी तर दोन्ही हातांनी ओतायचे. उजेडाच्या शोधात रोपं दोऱ्यासारखी लांब वाढली, मुळं निष्ठेच्या चिखलात कुजली, आणि रोपं सिंहासनाच्या बाजूला कलली.

“वा! महाराजांना मुजरा करताहेत!” दिवाणजी म्हणाले. महाराज खूष झाले. बाहेर लावल्यावर तीच रोपं तासाभरात आडवी पडली, तेव्हा मात्र कोंडिबाला बोलावणं आलं.

“पुढच्या खेपेला रोपं उन्हात ताठ उभी राहिली पाहिजेत. नाहीतर हत्तीखाना!” महाराज गरजले.

कोंडिबाने कमरेत वाकून मुजरा केला. त्याच्या मागे त्याची लेक सगुणा उभी होती. त्या हत्तीच्या मागे उभा असलेला बाप तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिला राग आला. पडदे उघडा म्हणावं तर हुकूम मोडतो, दरबाऱ्यांना हटका म्हणावं तर दिवाणजी डूख धरतात. ती पुढे झाली.

“सरकार, हितं ती ताठ व्हायची न्हाईत.”

“का?”

“पोर जसं शेजारच्याचं बघून शिकतं, तसंच रोपाचंबी. हितं जो येतो त्यो वाकतो. रोपांनी दुसरं शिकावं तरी काय?”

दिवाणजींना ठसका लागला. महाराजांनी मात्र मिशीवर हात ठेवला. “मग उपाय?”

“ह्या महालात कुनापुढंच न वाकणारं एखादं मानूस असंल, तर रोपं त्येच्यापाशी ठेवा.”

महाराजांनी दरबारावरून नजर फिरवली. जिकडे नजर जाई तिकडची डोकी आणखी खाली जात. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, “एकच आहे. आईसाहेब.”

सगुणाला हेच हवं होतं. पूजेची फुलं पोचवायला ती रोज आईसाहेबांकडे जात असे. त्यांच्या खोलीला दक्षिणेकडे भलीमोठी खिडकी होती आणि तिला लागून मोकळा सज्जा. “या वयात मला कसली मेली दृष्ट लागतेय?” असं म्हणून आईसाहेबांनी पडदे केव्हाच काढून टाकले होते. आणि खोली महालातलीच, त्यामुळे हुकूम जिथल्या तिथे.

पुढच्या थंडीत नव्या रोपांच्या कुंड्या आल्या तेव्हा आईसाहेब आधी कडाडल्या. “माझ्या खोलीत माती? सर्जेरावाचं डोकं ठिकाणावर आहे ना?” पण रिकाम्या बसलेल्या माणसाला रागवायला नवीन कुणीतरी मिळालं, की बरंच वाटतं. सगुणाने सांगितलं तसा त्या रोज सकाळी रोपांच्या शेंड्यांवरून हात फिरवत आणि म्हणत, “उठलात का रे, मेल्यांनो?” रोपं हलत, आणि हलून हलून त्यांच्या काड्या जाड होत गेल्या.

दिवाणजी एकदा तांब्या घेऊन आलेच.

“दिवाणजी, तहान रोपांना लागलीय की तुम्हाला?” आईसाहेबांनी विचारलं.

दिवाणजींनी सगळं पाणी तिथेच उभ्या उभ्या पिऊन टाकलं आणि ते आल्या पावली परतले. पुन्हा कुणी तिकडे फिरकलं नाही. माती बोटाला कोरडी लागली तरच सगुणा पाणी घाली. थंडी ओसरू लागली तशी ती कुंड्या सज्ज्यात ठेवू लागली. आधी नुसतं सकाळचं ऊन, मग दुपारपर्यंत, मग दिवसभर ऊन आणि वारा दोन्ही.

लावणीचा दिवस उजाडला. रोपं पाहून महाराजांचा चेहरा पडला. “ही बुटकी? आधीची केवढी उंच होती!”

कोंडिबाने रोपं लावली. ऊन चढलं, वारा सुटला. दुपारपर्यंत दिवाणजींनी मान टाकली आणि त्यांना छत्रीखाली बसवावं लागलं. रोपं जागची हलली नाहीत.

“पण आमच्याकडे वळून एक मान लवत नाही,” महाराज घुश्शात म्हणाले. “भलतीच उद्धट निघाली!”

कोंडिबाने डोळे मिटून घेतले. सगुणा म्हणाली, “सरकार, आईसाहेबांच्या हाताखाली वाढलेलं कुनापुढं वाकतंय व्हय? त्येंनी आजवर दोनदाच वाढवलंय. एक ही रोपं, आनि दुसरं तुमी. आता उद्धट कुनाला म्हनायचं, ते सरकारांनीच ठरवावं.”

वर सज्ज्यात कुणीतरी खाकरलं. महाराजांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि पगडी घसरेपर्यंत हसत सुटले. हसू आवरल्यावर त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाला दिलं आणि कोंडिबाला साऱ्या बागेचा मुख्य माळी केलं. मग सज्ज्याकडे वळून त्यांनी कमरेत वाकून मुजरा केला, कारण आईसाहेब अजून बघत होत्या.