वडिलांना अडलेला शब्द

एकदा एका वृद्ध हजानांनी उत्तम चाललेला वर्ग बंद करून टाकला.

कोकणात खाडीकाठच्या एका गावी बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या आपल्या ज्यू बांधवांची, वीस-बावीस घरे होती. त्यांच्या प्रार्थनालयात हे हजान चाळीस वर्षे प्रार्थना चालवीत आले होते. त्यांची शिष्या केतुरा त्यांच्याकडूनच हिब्रू शिकली होती आणि दर रविवारी प्रार्थनालयाच्या ओसरीवर अकरा मुलांना शिकवीत असे. दोन वर्षांत मुले आशीर्वचने इतकी स्वच्छ म्हणू लागली होती की येणारे-जाणारे थांबून ऐकत. केतुराला त्याचा अभिमान होता, आणि तो गैर नव्हता.

एका रविवारी हजानसाहेब वर्गात येऊन बसले. तेलाचे व्यापारी रहमिमशेठ यांची आठ वर्षांची मुलगी याएल उठून उभी राहिली. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस सुरू होतो, तेव्हा मनुकांच्या शरबताचा पेला हाती घेऊन जे आशीर्वचन म्हणतात, ते तिने एका दमात म्हणून दाखवले. हजानसाहेबांनी तिला जवळ घेतले.

"घरी हे कोण म्हणतं गं?"

याएल गोंधळली. "घरी? हे तर वर्गातलं आहे."

दुसऱ्या दिवशी हजानसाहेबांनी त्या अकरा मुलांच्या आठही घरी निरोप धाडला, की वर्ग तूर्त बंद आहे. त्याऐवजी दर शुक्रवारी केतुरा एकेका घरी शब्बाथच्या जेवणाला येईल. केतुराला त्यांनी दोन अटी घातल्या. तिने तिथे काहीही शिकवायचे नाही. आणि कुणाचे काही चुकले, अडले, तरी तोंड उघडायचे नाही.

केतुराच्या जिव्हारी लागले. आपल्या शिकवण्यात कुठे उणे राहिले, हे तिने दोनदा विचारले; हजानसाहेब नुसते "जाऊन तर ये" म्हणाले. दोन वर्षांची मेहनत या आठ शुक्रवारांत वाया जाणार, असे तिच्या मनाने घेतले.

पहिले घर रहमिमशेठ यांचेच होते. त्यांच्या पत्नीने, मिल्काने, खोबरेल तेलाचा दिवा लावून डोळ्यांवर ओंजळ धरली. पाटावर तांदळाच्या भाकरी झाकून ठेवल्या होत्या, आणि नारळाच्या दुधातल्या माशाच्या कालवणाचा वास घरभर पसरला होता. एरवी हे लोक दिवा लावून सरळ जेवायला बसत. आज पाहुणी होती. मिल्काने शरबताचा पेला नवऱ्यापुढे सरकवला.

रहमिमशेठ यांनी टोपी सारखी केली आणि पेला उचलला. दुकानात दहा माणसांशी एकदम बोलणारा हा गृहस्थ. पण पेला त्याने नको इतका घट्ट धरला होता, हे केतुराला दिसले. त्याचे वडील तो सहा वर्षांचा असताना वारले. चुलत्यांनी त्याला घाण्यावर बसवले. अक्षरांपाशी कुणी बसवले नाही. प्रार्थनालयात तो इतरांबरोबर ओठ हलवी. त्याची ही लाज त्याच्या बायकोलाही पुरती ठाऊक नव्हती.

त्याने सुरुवात केली. पहिले पाच-सहा शब्द आले. मग तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून म्हटले आणि पुन्हा तिथेच अडला. मिल्काने मान खाली घातली. पेला खाली ठेवावा की काय, अशी त्याची नजर झाली.

पुढचा शब्द केतुराच्या ओठांवर होता. तिने पदराचे टोक मुठीत घट्ट आवळले.

तेवढ्यात याएल उठली. वडिलांना खेटून उभी राहिली आणि त्यांच्या पेल्याच्या हाताखाली तिने आपला हात धरला.

"बोरे," ती हळूच म्हणाली.

"बोरे," रहमिमशेठ म्हणाले.

"पेरी हग्गेफेन. द्राक्षवेलीचं फळ निर्माण करणारा, बाबा."

त्यांनी तेही म्हटले. मग पेला तोंडाला न लावता ते लेकीकडे बघत राहिले. "पुन्हा एकदा सांग," ते म्हणाले. याएलने पुन्हा सांगितले, या खेपेस अगदी सावकाश, एखाद्या लहानग्याला जिना उतरवावा तसे.

रविवारी केतुरा हजानसाहेबांकडे गेली आणि घडले ते सारे तिने सांगितले. मग म्हणाली, "त्यांची ती अवस्था बघवत नव्हती. मला बोलू का दिलं नाहीत?"

"तू शब्द सांगितला असतास तर तो बरोबरच आला असता," हजानसाहेब म्हणाले. "पण लेकीदेखत बाप तुझा विद्यार्थी झाला असता, आणि पुढच्या शुक्रवारी त्यानं पेला उचललाच नसता. याएलनं सांगितला, तरी तो तिचा बापच राहिला. आणि त्या पोरीचं बघ. दोन वर्षं ती हे शब्द तुला ऐकवतेय. तुला ते येतच होते, केतुरा. परवा पहिल्यांदा तिचा शब्द कुणाला तरी हवा होता. पाठ केलेलं माणूस विसरतं. आपल्या माणसाच्या कामी आलेलं विसरत नाही."

"पण मी शिकवलं नसतं, तर तिला तो शब्द आलाच नसता," केतुरा म्हणाली.

म्हातारा प्रसन्न हसला. "म्हणून तर वर्ग पुन्हा सुरू करायचा आहे. तू कुणासाठी शिकवतेस, ते आधी बघून घे. अजून सात घरं राहिलीत."

ती सातही घरे फिरली. कुठे आजीने तिला नवस फेडताना मांडतात त्या मलिद्याच्या ताटाची गोष्ट सांगितली, कुठे मुलानेच आईला दिवा लावताना म्हणायचे शब्द शिकवले. एका घरी पोर आधीच झोपी गेले होते आणि मोठ्यांपैकी कुणालाच काही येईना, तेव्हा सगळे नुसते हात जोडून बसले. केतुरा कुठेही बोलली नाही. आता तिला त्यासाठी पदर आवळावा लागत नव्हता.

वर्ग सुरू झाला त्या रविवारी रहमिमशेठ याएलला सोडायला आले. सोडून परत फिरले नाहीत. वहाणा काढून ओसरीवर आले आणि मुलांच्या रांगेत, लेकीच्या शेजारी, अवघडून मांडी घालून बसले.

केतुराकडे आणखी एक पुस्तक होते. तिने ते दिले नाही. एकच पुस्तक उघडून तिने त्या दोघांच्या मधोमध ठेवले.