राजांनी ओळखलेला फोटो

"ज्या आईबापाला आपल्या मुलाचा फोटो ओळखता येईल, त्यानं पाच रुपये मोजून तो घरी न्यावा. ज्याला ओळखता येणार नाही, त्यानं 'मला माझं मूल ओळखू येत नाही' असं सगळ्यांसमक्ष मोठ्यानं सांगावं!"

वाघदरी संस्थानच्या मानाजीराजांचा हा हुकूम ऐकला आणि बालमंदिराच्या अंगणात जमलेल्या आयाबापांची तोंडं कारलं चावल्यासारखी झाली. ओळखावं तर पदरचे पैसे जायचे, न ओळखावं तर अब्रू जायची!

झालं होतं असं. राजांनी चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी बालमंदिर काढलं. रयतेची मुलं आणि खुद्द बाळराजे एकाच सतरंजीवर बसू लागले. मग राजांना वाटलं, या सगळ्यांचे फोटो निघायला हवेत. शहरातून नीळकंठराव फोटोवाले आले. त्यांनी बाळराजांची मखमली बंडी आणि जरीची टोपी पाळीपाळीनं एकेका मुलाला चढवली, तोंडाला पावडर फासली, काळ्या फडक्यात डोकं खुपसलं आणि पंधरा मुलांचे पंधरा फोटो काढले. पण घ्यायला कुणी पुढे येईना! इकडे राजे तर नीळकंठरावांना शब्द देऊन बसले होते, की सगळे फोटो खपतील. शेवटी राजहट्टच तो!

पहिली पाळी आली हौसा कासारणीची. तिची बनू याच बालमंदिरात जात होती. पाच रुपयांत दुभती शेळी येते, हे हौसाला चांगलं ठाऊक होतं.

नीळकंठराव गोड आवाजात म्हणाले, "घ्या हो बाई! बालपण पुन्हा येत नाही!"

"पुन्हा कशाला यायला हवं? अजून गेलंय कुठं? आज सकाळीच माझ्या दोन डझन बांगड्या फोडून आलंय!"

लोक हसले. नीळकंठरावांचा पारा चढला. "नाही घेतलात, तर ज्या काचेवरून फोटो छापला, ती काचच फोडून टाकीन! मग बसाल जन्मभर रडत!"

"काच फुटली म्हणून रडायला लागले, तर माझा धंदाच बसेल की हो!"

आता राजेही गालात हसले. पण लगेच मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "नाव हौसा, आणि फोटोची हौस नाही? बोलणं पुरे. ओळख, नाहीतर कबूल कर!"

हौसा मेजापाशी गेली. पंधरा फोटो, सगळ्यांची तीच बंडी, तीच टोपी, तेच पिठासारखे पांढरे गाल. तरी बनू तिला पहिल्या नजरेत दिसली. नीळकंठरावांनी हातातला पेरू काढून घेतला होता, म्हणून पोरगी हनुवटी वर करून अशी काही रागानं बघत होती, की बघणाऱ्यानं मुजराच करावा! हौसाला वाटलं, भिंतीवर लावला असता हा फोटो. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला असता. पण पाच रुपये? आणि तेही असे कोंडीत धरून?

शेजारच्या फोटोत एक पोर भोकाड पसरून रडत होतं. नाक ओठापर्यंत आलेलं. हौसानं ते नीट पाहिलं आणि पदर सावरून ती राजांकडे वळली.

"महाराज, मी अडाणी बाई. सगळी पोरं मला एकसारखीच दिसतात. बाळराजेही यातच आहेत ना? आधी आपणच त्यांना ओळखून दाखवावं. कसं ओळखायचं ते आम्हालाही कळेल. राजाचं तेज म्हणे लपत नाही!"

"अलबत! त्यात काय अवघड आहे?"

राजे ताडकन उठले. रडक्या पोरावरून त्यांची नजर भर्रकन पुढे गेली आणि वर उचललेल्या हनुवटीवर येऊन थांबली. राजांची छाती फुगली.

"हे पाहा! हेच आमचे बाळराजे! काय तो रुबाब!"

"सरकार, मनगटाकडे बघावं."

राजांनी वाकून पाहिलं. मखमली बाहीखालून काचेच्या दोन बांगड्या डोकावत होत्या.

"ही माझी बनू, महाराज!"

राजांनी घसा खाकरला. "मग... आमचे बाळराजे?"

बालमंदिराच्या पंतोजींनी खाली मान घालून रडक्या पोराच्या फोटोवर हळूच बोट ठेवलं.

राजांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण ते सहजासहजी हार मानणारे नव्हते. "म्हणजे तू ओळखलंस तर! काढ पाच रुपये!"

"मी कसे काढू, महाराज? ओळखेल त्यानं पैसे द्यावेत, हा हुकूम आपला. आपण तर हा फोटो माझ्याआधी ओळखला! आता तो आपला. एकच बांगडी दोन बायकांच्या हातात मी आजवर कधी भरली नाही, मग एक फोटो दोघांना कसा विकायचा?" आणि आवाज खाली आणून ती म्हणाली, "हुकुमाची दुसरी बाजू तर मी काढतच नाही! आपलं मूल ओळखता आलं नाही, तर मोठ्यानं सांगायचं होतं म्हणे..."

मग राजांच्या पोटातून हसू उसळलं. ते इतके हसले, की पगडी एका हातानं धरावी लागली! मग सारं अंगणच हसत सुटलं.

"नीळकंठराव, पंधराही फोटोंचे पैसे आमच्या खजिन्यातून घ्या! ज्याला हवा त्यानं आपला फोटो न्यावा, नको त्याला आग्रह नाही!" डोळे पुसत राजांनी बनूचा फोटो उचलला. "आता खरं सांग हौसा, हा तुला हवा की नको?"

हौसानं दोन्ही हात पुढे केले.

"नको कधी होता, महाराज? विकत नको होता!"

राजे पुन्हा खदखदून हसले. त्यांनी फोटो तिच्या हाती दिला, वर साडीचोळी दिली आणि राणीवशाच्या दिवाळीच्या साऱ्या बांगड्या हौसाच भरेल, असा हुकूम तिथल्या तिथे सोडला!