येसूचं काळं नाणं

ऐका हं. आधी पाय पांघरुणात घ्या. एक होती येसू. नदीकाठी तिची झोपडी, दारात फणसाचं झाड. आई देवाघरी गेलेली, पाठीला भाऊ नाही. फणसाशीच गप्पा मारायची, बरं का.

एकदा काय झालं, राजाचा कारभारी आला. मिशी ही एवढी! म्हणाला, "इथे हत्तींचा तबेला होणार. भाऊबीजेपर्यंत जागेची किंमत आणून दे, नाहीतर चालती हो."

येसूनं आईचा डबा उघडला. आत एकच नाणं. काळंकुट्ट, काठाला दाताची खूण. आई म्हणायची, "जप गं, लाखमोलाचं आहे." पण खरं मोल कुणाला ठाऊक?

मग ती गेली वाण्याकडे. त्यानं नाणं दगडावर आपटलं. खण्ण नाही की काही नाही, नुसतं बद्द! "मूठभर फुटाणे देतो," तो म्हणाला. येसूच्या पोटात कावळे ओरडत होते, तरी तिनं नाणं उचललं.

मग गेली सराफाकडे. त्यानं कसोटीच्या दगडावर नाणं घासलं. सोन्याची रेघ पिवळी उठते ना? ही उठली लालभडक! सराफ दचकला. "बाई, हे माझ्या आवाक्यातलं नाही. दरबारात ने."

मग गेली दरबारात. दिवस भाऊबीजेचा. राजा पाटावर रुसून बसलेला. ओवाळायला बहीणच नव्हती त्याला. येसूनं नाणं पुढे केलं, म्हणाली, "जागेची किंमत आणलीय, लाखमोलाचं आहे."

कारभारी हसला. "आण, चिंच लावून उजळतो तुझं लाखाचं नाणं!" आणि लागला घासायला. तर काय, हात लाल! घाम पुसला, मिशी लाल! घंगाळातलं पाणी लाल! सगळ्या दरबारात कुंकवाचा वास सुटला. नाणं लखलखलं, दाताची खूण उठून दिसली.

म्हातारी राजमाता ताडकन उठली. "हा दात आमच्या थोरल्या महाराजांचा! लहानपणी चावलं होतं त्यांनी हे. पुढे एकदा ते रानात वाट चुकले. भाऊबीज होती. गुराख्याच्या पोरीनं जेवू घातलं, ओवाळलं. त्यांनी हे ताटात टाकलं नि म्हणाले, माझं घर ते तुझं माहेर. किती शोधलं रे तिला!"

"ती माझी आई," येसू म्हणाली.

"अगं, मग मी तुझी मामी की!"

त्या ताटातलं कुंकू नाण्यानं इतकी वर्षं पोटात जपलं होतं, बरं का.

राजा म्हणाला, "ताई, काय देऊ याचं? सोनं? हत्ती?"

येसू ताठ उभी राहिली. "आता विकायचं नाही. मोल कळलं मला. तू पाटावर नीट बस बघू, ओवाळते."

राजा गुपचूप नीट बसला. येसूनं ओवाळलं. राजानं अख्खा नदीकाठ तिला ओवाळणीत दिला. नगारे वाजले, लोक नाचले.

आणि हत्तींचा तबेला? तो झाला कारभाऱ्याच्या बागेत!

मग येसू सुखात राहिली, राजा सुखात राहिला, हत्ती तर फारच सुखात. कारभाऱ्याची मिशी मात्र दिवाळी सरली तरी लालच. बास, खिदळू नका. मिटा डोळे.